आडाचा दोर

गेल्या वर्षी ज्येष्ठात आमची अक्का पडली. पडायला तसे मोठे निमित्तही लागले नाही. पावसाची पहिली सर आली, मागल्या दारी दोरीवर घातलेले कपडे भिजतील म्हणून ती लगबगीने निघाली, ओल्या फरशीवर पाय सरकला आणि डाव्या खुब्याचे हाड मोडले. वय वर्षे ७९.

शस्त्रक्रिया उत्तम झाली. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी तिला वॉकर धरून पलंगाशेजारी उभे केले, आणि घरी पाठवताना मला बाजूला घेऊन बजावले, "आजोबा, यांना झोपवून ठेवू नका. रोज थोडं थोडं चालवत राहा." मी मान डोलावली. म्हाताऱ्या माणसाने मान डोलावली की त्याने ऐकले, असे समोरच्याला वाटते. वास्तविक त्याने फक्त मान डोलावलेली असते.

घरी आल्यावर आम्ही तिची अशी काही सेवा मांडली की ज्याचे नाव ते! उशाशी तांब्याभांडे, हाताशी नातवाच्या जुन्या सायकलची घंटी. ती वाजली की घरातले कुणी ना कुणी धावत गेलेच पाहिजे, असा दंडक. सौ. जेवणाचे ताट पलंगावर नेऊन देऊ लागली. सूनबाई तिची वेणीसुद्धा घालून द्यायची. मी तर पहारेकरीच झालो होतो. अक्काने नुसते पाय खाली सोडले, की मी वर्तमानपत्र टाकून उठायचो. "अगं, काय हवंय ते सांग ना! मी कशाला आहे?"

यात माझा एक स्वार्थ होता, तोही सांगून टाकतो. अक्का माझ्याहून ८ वर्षांनी मोठी. आमची आई सदा आजारी. त्यामुळे वाईच्या जुन्या वाड्यात मी वाढलो तो अक्काच्या कडेवर. परसात आड होता. पहाटे उठून चौदा वर्षांची ही पोर घरादाराचे पाणी शेंदायची, आणि मी सहा वर्षांचा, आडाच्या काठाशी उकिडवा बसून पोहरा वर येताना बघायचा. पुढे तिला लवकर वैधव्य आले. शाळेत शिवणाच्या बाई म्हणून तिने नोकरी धरली, आणि माझ्या कॉलेजची फी त्या पगारातून गेली. अशा बहिणीला उतारवयात चार दिवस आयते बसून खायला घालावे, हे ऋण थोडे तरी फिटावे, असे मला वाटत होते. तिचे दुखणे मला मनातून जरा सोयीचेच झाले होते म्हणा ना!

पहिले पंधरा दिवस तिलाही गंमत वाटली. "राणीसरकार झाले की रे मी!" असे म्हणायची. आषाढ सरता सरता मात्र घंटी वाजेनाशी झाली. आम्हाला वाटले, बरे वाटत असेल.

श्रावणात एका संध्याकाळी सौ. तिच्या पायांना तेल लावत होती. तिने मला हाक मारली. म्हणाली, "जरा बघा हो इकडे." मी पाहिले. डाव्या पायाला पोटरी म्हणून राहिलीच नव्हती. एखाद्या रिकाम्या उशीच्या अभ्र्यासारखी कातडी तेवढी लोंबत होती. ते एक वेळ समजण्यासारखे होते. पाय मोडला होता, त्यावर चाकू चालला होता. पण सौ. ने मग उजव्या पायावरचे लुगडे थोडे सरकवले. तोही तसाच! जरासा उजवा, एवढेच.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मोडला डावा पाय. मग उजव्याने काय पाप केले होते? त्याला ना मार लागला, ना सुरी. तो नुसता पडून होता. आमच्या माळ्यावर आजीच्या वेळचा पाटा-वरवंटा तीस वर्षे पडून आहे; तो काही रोड झालेला नाही. न वापरलेली खुर्ची झिजत नाही, उलट टिकते. मग पडून राहिलेला पाय का आटावा? आणि आटायचे असे त्याला सांगितले तरी कोणी?

गणपतीला माझी पुतणी आली. ती बंगळुरात स्नायूंच्या पेशींवर संशोधन करते. म्हणजे नेमके काय करते, हे विचारायचे आम्ही घरच्यांनी केव्हाच सोडून दिले होते. दर वर्षी ती येते, मोदकांच्या कळ्या सुबक पाडते, एवढेच आम्हाला ठाऊक. या खेपेस मात्र मी तिला परातीपाशीच गाठले. अक्काला आम्ही खुर्चीत बसवून स्वयंपाकघराच्या दारात आणले होते. प्रश्न तिच्या पायांचा, तेव्हा उत्तर तिच्यासमोरच व्हावे हे बरे.

"काका," पुतणी म्हणाली, "तुम्ही विचारलेला प्रश्न आमच्याकडे आयुष्य घालवून सोडवतात. आधी स्नायू आवळतो कसा, ते बघा." तिने पिठाचे हात धुतले आणि दोन्ही हातांची बोटे समोरासमोर धरून एकमेकांत अर्धवट गुंफली. "हे झालं स्नायूचं एक घर. डाव्या हाताची बोटं ॲक्टिनचे तंतू, उजव्या हाताची मायोसिनचे. दोन्ही प्रथिनंच. स्नायू आवळला की बोटं आखडत नाहीत, एकमेकांत सरकतात. बोटाची लांबी तीच, पण दोन तळहात जवळ आले."

एवढे एक घर सुमारे दोन मायक्रॉन लांब असते. एका मिलिमीटरमध्ये अशी चारपाचशे घरे एकापुढे एक बसतात. ही तंतू सरकण्याची कल्पना १९५४ च्या मे महिन्यात 'नेचर' या नियतकालिकाच्या एकाच अंकात, लागोपाठच्या दोन निबंधांत मांडली गेली. गमतीची गोष्ट अशी, की एका निबंधाचा लेखक अँड्र्यू हक्स्ली, दुसऱ्याचा ह्यू हक्स्ली, आणि दोघांचे काही नाते नाही! पहिल्याच्या जोडीला रॉल्फ नीडरगर्क होते, दुसऱ्याच्या जोडीला जीन हॅन्सन या विदुषी. निरनिराळ्या वाटांनी जाऊन दोन्ही जोड्या एकाच दारात उभ्या राहिल्या.

"बरं, सरकायचं केव्हा, हे त्या बोटांना कोण सांगतं?" मी विचारले. शिक्षकी पेशात जन्म गेला. मधे प्रश्न विचारल्यावाचून मला ऐकताच येत नाही.

"कॅल्शियम."

हे नाव मी हाडांच्या गोळ्यांवर वाचले होते. तिने जी गोष्ट सांगितली ती मात्र नवी होती. लंडनमध्ये सिडनी रिंगर नावाचे एक डॉक्टर बेडकाचे हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून त्याचे ठोके मोजत असत. पाणी नळाचे होते तोवर हृदय छान धडधडत राही. शुद्ध, ऊर्ध्वपातित पाण्यात तेच मीठ घातले, की ठोके मंदावत मंदावत बंद पडत. पाणी अधिक शुद्ध केले आणि हृदय थांबले! नळाच्या पाण्यात असे काय होते? कॅल्शियमचा अंश. १८८३ सालची ही गोष्ट. स्नायूला आवळण्याचा हुकूम कॅल्शियम देते याचा तो पहिला धागा. तो हुकूम स्नायूच्या घरात ऐकून कोण घेतो, हे कळायला मात्र आणखी ऐंशी वर्षे जावी लागली. जपानात सेत्सुरो एबाशी यांनी १९६० नंतरच्या काही वर्षांत ट्रोपोनिन हे प्रथिन शोधले. ॲक्टिनच्या तंतूवर ते कडी घालून बसलेले असते. मेंदूकडून नसेवाटे आज्ञा आली, की पेशीतल्या कोठारातून कॅल्शियम सुटते, ट्रोपोनिनला चिकटते, कडी निघते. मायोसिन ॲक्टिनला पकडतो आणि ओढतो. कॅल्शियम पुन्हा कोठारात गेले, की कडी बंद. आपण डोळ्याची पापणी मिटतो तेवढ्या वेळात हा सगळा कारभार उरकलेला असतो.

"हे झालं वरून खाली," मी म्हणालो. "हुकूम आला, काम झालं. पण अक्काच्या पायाला कुणी रोड व्हायचा हुकूम दिला नव्हता. तो झाला कसा?"

"तेच सांगतेय," ती म्हणाली. "स्नायूत वार्ता दोन्हीकडून चालते. हुकूम खाली येतो आणि काम झाल्याची खबर वर जाते. आणि काका, खबर द्यायला तिथे वेगळा कारकून ठेवलेला नाही. जो ओझं ओढतो, तोच खबर देतो."

तिने उदाहरणे दिली ती मला समजली तशी सांगतो. पहिले पुन्हा कॅल्शियमचेच. जे कॅल्शियम कडी काढते, तेच पेशीत हिंडता हिंडता दुसऱ्याही एका दारावर थाप मारते. तिथे कॅल्सिन्यूरिन नावाचे प्रथिन बसलेले असते. पाय दिवसभर शरीर तोलून धरत असला, की कॅल्शियम थोडे थोडे पण सतत झिरपत राहते. त्यावरून कॅल्सिन्यूरिन ओळखते की इथे चिकाटीचे काम चालले आहे. मग ते एका निरोप्याला मोकळे करते. निरोप्या पेशीच्या केंद्रकात जातो आणि तिथल्या जनुकांना सांगतो, "दमदार तंतूंची बेगमी करा." १९६० साली बुलर आणि एक्लस पितापुत्री यांनी मांजरांच्या पायांत एक विलक्षण प्रयोग केला होता. चपळ स्नायूची नस आणि मंद स्नायूची नस यांची त्यांनी अदलाबदल केली. काही काळाने चपळ स्नायू मंद झाला आणि मंद होता तो चपळ होऊ लागला. स्नायूचा स्वभाव जन्माने ठरून जात नाही. त्याला रोज जे काम सांगावे, त्यावरून तो घडत जातो. त्या प्रयोगाच्या पोटातला एक निरोप्या कोण, ते १९९८ च्या सुमारास कळू लागले.

दुसरे उदाहरण टायटिनचे. माणसाच्या शरीरात सापडलेल्या प्रथिनांत हे सर्वांत मोठे. इन्सुलिनमध्ये अमिनो आम्लांचे मणी ५१. या टायटिनच्या माळेत सुमारे ३५,००० पर्यंत! जपानात कोस्चाक मारुयामा यांनी आणि अमेरिकेत कुआन वँग यांनी १९७० नंतरच्या दशकात ते उजेडात आणले. टायटिन हे नाव १९७९ मधले. स्नायूच्या त्या इवल्या घराच्या भिंतीपासून ते थेट मध्यापर्यंत हा एकच रेणू ताणून बांधलेला असतो. मधला भाग स्प्रिंगसारखा. घर ताणले गेले की तो उलगडतो, ताण सुटला की पुन्हा आखडतो. म्हणजे त्याचे काम आधार देण्याचे. पण घराच्या मध्याशी त्याचे जे टोक आहे, त्यात आणखी एक खुबी आहे. तिथे ओढ लागली, की त्या टोकाची घडी थोडी मोकळी होते, आणि काही लहान प्रथिने तिथे येऊन टेकतात. हे टोक त्यांच्यावर स्वतः काही रासायनिक शिक्का उठवते, की नुसताच त्यांना बसायला पाट मांडते, यावर अजून वाद चालू आहे. पण ओढ लागली की ती तिथे जमतात, आणि ती जमलेली असणे हीच "काम चालू आहे" अशी खूण.

पुतणी हे सांगत होती आणि मी माझ्या परीने डोके खाजवत होतो. इतक्यात दारातून अक्काचा आवाज आला. गेल्या कित्येक दिवसांत तिने आपणहून तोंड उघडले नव्हते.

"म्हणजे आडाचा दोरच की गं हा!"

आम्ही दोघे तिच्याकडे बघत राहिलो.

"अगं, आडात खाली अंधारच असायचा," अक्का सांगू लागली. "पहाटे काय दिसणार? पण पोहरा पाण्याला टेकला, की हाताला कळायचं. मग दोराला असा एक हिसका द्यायचा, की पोहरा कलंडतो. तो बुडत चालला की दोर जड होत जातो. भरला की तेही हाताला कळतं. अर्धाच भरला असेल तर कळतं, तळाशी कपारीत अडकला तरी कळतं. डोळ्यांनी बघावं लागत नाही. ज्या दोरानं ओढायचं, तोच दोर सांगतो."

पुतणीने चटकन उठून तिचे हात धरले. म्हणाली, "आत्या, आमच्या प्रयोगशाळेत हे समजावून द्यायला मला एक तास लागतो गं!"

मला मात्र त्या क्षणी पोटात खड्डा पडल्यासारखे झाले. दोर सांगतो हे खरे. मग दोर जेव्हा नुसताच ढिला लोंबत राहतो, तेव्हाही तो काहीतरी सांगतच असला पाहिजे!

मी तसे विचारले. पुतणीने होय म्हटले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले, की स्नायूचे काम थांबले म्हणजे टायटिनच्या त्या टोकाशी नाते असलेले मर्फ घराण्यातले एक प्रथिन आपली जागा सोडून केंद्रकाकडे चालते, आणि स्नायू बांधणाऱ्या जनुकांचे काम मंद होते. याच घराण्यातल्या दुसऱ्या एका प्रथिनाची ओळख त्याआधी, २००१ साली पटली होती. त्याचा उद्योग आणखी निराळा. दिवाळीच्या साफसफाईत सौ. माळ्यावरच्या जिनसांवर खडूने फुल्या मारत जाते ना, तसे हे प्रथिन स्नायूतल्या जुन्या प्रथिनांना खुणेची चिठ्ठी लावत जाते. चिठ्ठी लागली, की पेशीतले मोडतोड खाते तो माल फोडून त्याचे सुटे भाग दुसऱ्या कामाला देते. ज्या उंदरांमध्ये हे चिठ्ठी लावणारे प्रथिनच नव्हते, त्यांच्या स्नायूची नस तोडली तरी तो इतरांच्या मानाने कमी आटला.

यात त्या पेशीचा दुष्टावा काही नाही. स्नायू पोसणे हे महागाचे काम आहे. ज्या खोलीत कुणी राहत नाही तिथला दिवा मालवावा, हा साधा संसारी शहाणपणा. आम्ही अक्काच्या दोन्ही पायांना सव्वादोन महिने अहोरात्र एकच निरोप पाठवत होतो: "तुमचे इथे काही काम नाही." डावा पाय असो की उजवा, निरोप दोघांनाही तोच गेला. आणि दोघांनीही तो इमानाने पाळला.

"किती दिवसांत होतं हे?" मी भीत भीत विचारले.

२००७ साली अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगाची हकिकत तिने सांगितली. साठी उलटलेल्या, धडधाकट अशा बारा स्त्रीपुरुषांना फक्त १० दिवस अंथरुणावर पडून राहायला सांगितले होते. आजार नाही, ताप नाही. दहा दिवसांत त्यांच्या पायांतले जवळजवळ एक किलो मांस आटले. माझ्या डोळ्यांपुढे अक्काच्या उशाचे तांब्याभांडे आले, घंटी आली, पलंगावर जाणारे ताट आले. त्यातले एकेक मीच आणून ठेवले होते.

"मग आता?" हे अक्काने विचारले.

"आता उलटा निरोप पाठवायचा," पुतणी म्हणाली. "बोस्टनला १९९० साली डॉक्टरांनी वृद्धाश्रमातल्या १० जणांना पायांनी वजनं उचलायला लावली. सगळे ८६ ते ९६ वर्षांचे! आठ आठवडे. एकाने मधेच सोडलं. उरलेल्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी तर काठी बाजूला ठेवली. म्हातारपणी दोर जुना होतो गं आत्या, पण बहिरा होत नाही."

अक्काने मोदकांच्या परातीकडे पाहिले आणि मग ती जे बोलली ते मी जन्मात विसरणार नाही. तक्रारीच्या सुरात बोलली असती तर एक वेळ सोसले असते, ती अगदी सहज म्हणाली, "मला वाटलंच होतं रे बाळू. तुम्ही मला काही काम सांगेनासे झालात ना, तेव्हाच मला वाटलं, आता आपलं संपलं."

मी काही बोललो नाही. बोलण्यासारखे होते काय? पुतणीने परात उचलून अक्काच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आत्या, पाऱ्या तू कर. माझ्या फाटतात."

दुसऱ्या दिवसापासून घरात नवी राजवट सुरू झाली. डॉक्टरांना पुन्हा विचारून व्यायाम शिकवणाऱ्या एका बाई यायला लागल्या. बाई मोठ्या गोड बोलायच्या आणि तितक्याच निर्दय होत्या. खुर्चीतून हात न टेकता उठायचे, पुन्हा बसायचे. दहा वेळा. मग घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय सरळ करायचा. पिशवी आधी अर्ध्या किलोची. ती सोपी वाटू लागली की बाई लगेच जड पिशवी काढायच्या. "सोपं वाटलं म्हणजे पायाला काही ऐकूच आलं नाही," असे त्यांचे म्हणणे. घंटी नातवाच्या सायकलीला परत गेली. ताट पलंगावर जाणे बंद झाले. पाण्याचा तांब्या मुद्दाम खोलीच्या दुसऱ्या टोकाला, कोनाड्यात ठेवला.

यात अक्काला कष्ट झाले ते झालेच. पण खरी कसोटी लागली ती माझी! पहिल्या दिवशी ती खुर्चीतून उठू लागली. हात थरथरत होते, कपाळावर घाम आला होता, अर्ध्यावर येऊन ती अडली. मी नकळत पुढे झालो आणि तिचा दंड धरला. तिने माझ्याकडे नुसते पाहिले. "सोड," म्हणाली. मी सोडले. ती खाली बसली. पुन्हा उठू लागली, पुन्हा अडली, पुन्हा बसली. तिसऱ्या खेपेस उभी राहिली. तेवढ्या दोनअडीच मिनिटांत माझे दोन्ही हात मी पाठीमागे एकमेकांत घट्ट धरून ठेवले होते. प्रेमाने हात पुढे करणे ही फार सोपी गोष्ट आहे. ते मागे धरून ठेवायला जे बळ लागते, ते माझ्याजवळ मुळीच नव्हते. तेही रोज थोडे थोडे कमवावे लागले.

गणेशचतुर्थीपासून नरकचतुर्दशीपर्यंत जवळजवळ आठच आठवडे होतात. बोस्टनच्या म्हाताऱ्यांइतकेच. मी मनाशी दिवस मोजत होतो. चमत्कार काही झाला नाही, हे आधीच सांगून टाकतो. अक्काची काठी सुटली नाही, आजही नाही. जिना ती एकटी चढत नाही. पोटऱ्या पूर्वीसारख्या भरल्या असेही नाही. पण भाद्रपद संपता संपता ती आपली आपण न्हाणीघरात जाऊ लागली. घटस्थापनेला देवघरापर्यंत गेली. दसऱ्याला तिने ओट्याशी उभे राहून श्रीखंडाचा चक्का पुरणयंत्रातून काढला. मधे दोनदा बसली, हे खरे.

दिवाळीच्या आधी चकल्यांचा दिवस आला. आमच्या घरी पितळेचा जुना सोऱ्या आहे, वाईच्या वाड्यातला. दाबायला भलता जड. सूनबाईंनी बाजारातून नवा, हलका, फिरकीचा आणला होता. अक्काने तो बाजूला सारला. काठी भिंतीला टेकवली, दोन्ही पाय जरा फाकून ओट्याशी उभी राहिली, जुन्या सोऱ्यात भाजणी भरली आणि अंगाचा सगळा भार देऊन दाबली. पहिली चकली तुटली. दुसरीचे शेवटचे वेढे वेडेवाकडे आले. तिसरी मात्र सुरेख, काटेदार उतरली. तिने मान वर न करता विचारले, "बाळू, नुसता उभा काय राहिलायस? कागद पसर."

मी कागद पसरला. ७१ वर्षांच्या माझ्या आयुष्यात इतक्या आनंदाने कुणाचा हुकूम मी ऐकला नसेल!

पुढे डिसेंबरात आम्ही सगळे वाईला गेलो होतो. वाडा आता पुष्कळसा पडला आहे. आडावर लोखंडी जाळी बसवली आहे; दोर नाही, पोहरा नाही. राहाटाचे लाकूड तेवढे उन्हापावसात पांढरे पडून उभे आहे. अक्का काठी टेकत काठापर्यंत गेली, जाळीतून वाकून खाली बघत राहिली. खाली काळोख होता. पाणी आहे की नाही, ते दिसत नव्हते.

"आहे का गं पाणी?" मी विचारले.

"बघून कसं कळणार?" ती म्हणाली, आणि परत फिरताना माझा पुढे आलेला हात तिने बाजूला केला.